डाव्या बर्नरची पिवळी ज्योत

मस्कत

ती. सौ. काकूस,
शि. सा. न. वि. वि.

डाव्या बर्नरची ज्योत पिवळी आणि पातेलं काळं, उजवा मात्र ठीक, असं तुम्ही कळवलंत. म्हणजे दोष पाइपगॅसच्या लाइनीत नाही, त्या बर्नरमध्येच आहे. दोन्ही ज्योती मंदावल्या असत्या तर ओट्याजवळचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे का, हे आधी बघायला सांगितलं असतं. नवी शेगडी घेऊ नका. दांडिया बाजारातला दुकानदार घ्याच म्हणणार, ते त्याचं कामच.

पिवळी ज्योत म्हणजे हवा कमी. जेटमधून, म्हणजे बारीक भोकाच्या पितळी तोटीतून, गॅस जोरात सुटतो आणि बर्नरच्या नळीच्या तोंडाशी हवा ओढून घेतो. नळीत कोळ्याचं जाळं किंवा टोपीच्या भोकांत उतू गेलेलं दूध असलं की हवा पुरेशी ओढली जात नाही.

व्हॉल्व्ह बंद करा, बर्नर गार होऊ द्या, मग टोपी आणि बर्नर उचला. पितळी टोपी अर्धा तास चिंचेच्या कोळात ठेवा, भोकं टाचणीने आतून बाहेर मोकळी करा. बर्नर अॅल्युमिनियमचा असेल तर त्याला धुण्याचा सोडा लावू नका, साबणाचं पाणी पुरे. नळीत बाटलीचा ब्रश फिरवा. सगळं पूर्ण वाळू द्या; ओल राहिली तर ज्योत फडफडते आणि तुम्हाला वाटेल दुरुस्ती फुकट गेली. टोपी खाचेत नीट बसवा, तिरकी बसली तरी ज्योत एका बाजूने पिवळी होते.

एवढं करूनही पिवळी राहिली तर जेट. त्यात सुई घालू नका! पितळ मऊ असतं, भोक एकदा रुंद झालं की गॅस कायम जास्त येतो. फुंकर मारून किंवा ब्रशच्या एका नायलॉनच्या केसाने साफ करा. तरीही ज्योत निळी झाली नाही तर मिस्त्रीकडून पाइपगॅसचा नवा जेट बसवून घ्या आणि जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते बघा.

हीच शेगडी गणपतीत सिलिंडरला जोडायचा विचार असेल तर मात्र नको. पाइपगॅस साधारण 21 मिलिबार दाबावर येतो, सिलिंडरचा सुमारे 30 वर, आणि तेवढ्याच घनफळात त्याची उष्णता अडीच पटीहून जास्त. म्हणून पाइपगॅसचा जेट मोठ्या भोकाचा असतो; त्यातून सिलिंडरचा गॅस सोडला तर उंच, धुरकट ज्योत येते आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

गळतीचा वास आला तर व्हॉल्व्ह बंद करा, दिव्याच्या बटणाला हात लावू नका, वरची खिडकी उघडा. पाइपगॅस हवेपेक्षा हलका, वर चढतो. सिलिंडरचा खाली साचतो, त्याला दार उघडं लागतं. रबरी नळीवरचं वर्षही वाचा, पाच वर्षं झाली असतील तर बदला.

तोवर बासुंदी उजव्या बर्नरवर.

आपला,
पुतण्या