तुझ्या वर्गातली अफगाण माणसं

नाशिक, 9 नोव्हेंबर 2025

चि. मृण्मयी हिस बाबाचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सांगितलंस की हँबुर्गला तू शिकवतेस त्या संध्याकाळच्या जर्मन वर्गात यंदा निम्म्याहून जास्त माणसं अफगाण आहेत. तुझ्या सोबतीची शिक्षिका म्हणाली, ही मंडळी थेट मध्ययुगातून आली आहेत, जरा सबुरीनं घे. ते ऐकून मला राग आला आणि मी धड काही बोललो नाही. "बाबा, तू अफगाणिस्तानात राहिलायस, तूच सांग मी काय समजून घेऊ," असं तू विचारलंस, म्हणून आज निवांत बसून लिहितो.

अफगाण समाज जागचा हलला नाही ही समजूत साफ चुकीची आहे. 1978 पासून तिथल्या घराघरात जेवढी उलथापालथ झाली, तेवढी जगात फार थोड्या ठिकाणी झाली असेल. सरकारांनी हुकूम काढून जे लादलं ते लोकांनी उधळून लावलं. बाळंतपण, पोट, परागंदा होणं, पोरांचं शिक्षण अशा रोजच्या निकडीतून जे बदल आले, ते मात्र लोकांनी घट्ट धरून ठेवले, आजही धरून आहेत.

तुझ्या वर्गात दुभाष्याचं काम करायला जे आजोबा येतात, गालिच्यांच्या व्यापारातले, ते बहुधा 1980 च्या आसपास आलेल्या काबुली कुटुंबांतले असणार. हँबुर्गला अशी घरं पुष्कळ आहेत. त्यांच्या आठवणीतलं काबूल म्हणजे 1964 च्या राज्यघटनेनंतरचं, बायका कचेरीत कामाला जाणारं, विद्यापीठात मुली असणारं. त्या काळातले आखूड स्कर्टमधल्या मुलींचे फोटो आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, ते खरेच आहेत. पण ते शहरातल्या काही वस्त्यांचे. बहुतेक खेड्यांत तेव्हा शाळाही नव्हती आणि वीजही नव्हती. 1978 च्या एप्रिलमध्ये साम्यवादी सत्तेवर आले आणि त्यांनी वर्षभरात सगळं बदलायला घेतलं. जमिनी वाटल्या, लग्नात मुलीच्या बापाला द्यायच्या रकमेवर 300 अफगाणींची (अफगाणी हे तिथलं चलन) मर्यादा घातली, बायका-पुरुषांना सक्तीने साक्षरता वर्गात बसवलं. यातल्या कित्येक गोष्टी मुळात चांगल्या होत्या. पण त्या बंदूक दाखवून आणल्या, विरोध करणाऱ्यांना तुरुंगात घालून मारलं, आणि गावंच्या गावं उठली. 1979 च्या डिसेंबरात सोव्हिएत फौजा आल्या. पुढच्या दहा वर्षांत 60 लाखांवर माणसं पाकिस्तानात आणि इराणात गेली. त्या वेळच्या लोकसंख्येचा हा तिसरा हिस्सा तरी असेल.

बातम्यांत लढाया येतात. माणसांचं आयुष्य मात्र जास्त करून त्या छावण्यांनी बदललं. गावात बाई शेतात राबायची, आजूबाजूला सगळे भाऊबंद, तोंड झाकायची फारशी गरज पडत नसे. पेशावरच्या छावणीत शेजारी परक्या गावचा, परक्या टोळीचा. मग बायका मातीच्या भिंतीआड गेल्या, पडदा कडक झाला. त्याच छावणीत पोरांना पहिल्यांदा शाळा मिळाली, काही मुलींनाही. आयांनी दवाखाना पाहिला, मुलांना लस टोचून घेतली. एकाच बाईच्या आयुष्यात दार बंदही झालं आणि खिडकीही उघडली. हे दोन्ही एकदम घडतं हे ध्यानात ठेव, नाहीतर ही माणसं कळणार नाहीत.

गावातली उतरंडही तेव्हाच उलटली. पूर्वी मान खानाचा, म्हणजे जमीनदाराचा, मलिकाचा, म्हणजे गावच्या मुखियाचा, पांढऱ्या दाढीच्या वडीलधाऱ्यांचा. मुल्लाला सुगीला धान्य मिळायचं, लग्न-मयताला बोलावणं यायचं, निवाडा मात्र जिरगा, म्हणजे वडीलधाऱ्यांची पंचायत, करायची. युद्धात ज्याच्याकडे हत्यारं आणि बाहेरून येणारा पैसा, तो मोठा झाला. पंचविशीतला कमांडर सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला दटावू लागला. मुल्ला बाजूला बसायचा तो मध्ये येऊन बसला, आणि पुढे 1996 मध्ये त्यांच्यातलेच लोक, म्हणजे तालिबान, काबूलचे मालक झाले. तालिबानला तिथले लोक 'जुनी परंपरा' म्हणत नाहीत. माझ्याबरोबरचे म्हातारे तर ठासून सांगायचे की असा कारभार त्यांच्या आजाने कधी पाहिला नव्हता.

क्रिकेटही त्या छावण्यांतूनच आलं. 30 ऑक्टोबर 2023 ला पुण्याजवळ गहुंजेला अफगाण संघाने श्रीलंकेला हरवलं तो सामना पाहायला मी गेलो होतो. पुण्यात शिकणारी अफगाण मुलं काळा-लाल-हिरवा झेंडा घेऊन रडत होती. तो झेंडा त्यांच्या देशात आता सरकारी इमारतीवर नाही.

आता मी पाहिलेलं सांगतो. मी गेलो तेव्हा पुल-ए-खुमरी ते काबूल ही 220 केव्हीची, 202 किलोमीटरची विजेची लाइन आपण भारतातर्फे उभारत होतो. पाकिस्तानातून माल जाऊ देत नव्हते, म्हणून बराचसा वळसा घालून किंवा विमानाने यायचा. सालंगच्या घाटात बर्फ पडलं की मनोऱ्यांचं काम थांबायचं. काबूलमध्ये तेव्हा वीज पाळीने, काही तास, तीही सगळ्यांना नाही. गच्चीगच्चीवर छोटे जनरेटर धडधडत असायचे. 2009 मध्ये उझबेकिस्तानची वीज काबूलच्या चिमताला सबस्टेशनवर आली आणि काही महिन्यांत शहराच्या सवयी बदलल्या. माणसं फ्रीज घेऊ लागली, शिंपी रात्री उशिरापर्यंत मशीन चालवू लागले, खाजगी क्लासेस गल्लोगल्ली निघाले आणि संध्याकाळच्या बॅचला मुली बसू लागल्या.

आमचा एक स्टोअरकीपर होता. त्याचं नाव लिहीत नाही, त्याचं कुटुंब अजून तिथेच आहे. त्याच्या घरी हिवाळ्यात जेवायला बोलावलं की संदलीभोवती बसायचं. बुटक्या टेबलाखाली निखाऱ्यांचं भांडं, वरून मोठी रजई, आणि सगळ्यांचे पाय त्या रजईखाली. बाहेर उणे दहा. हिरवा चहा, सोबत साखरेत घोळलेले बदाम. स्वयंपाक बायकांनी केलेला, पण त्या आम्हाला दिसत नसत. दाराशी ताटं ठेवली जायची आणि धाकटा पोरगा ती आत आणायचा. बायकोचा उल्लेख तो "मुलांची आई" असाच करी. आपल्याकडेही आजोबा आजीला नावाने हाक मारत नसत, म्हणून मला ते वेगळं वाटलं नाही. पण एकदा त्याच्या पुतणीच्या लग्नाची पत्रिका आली. त्यात नवऱ्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, मुलीच्या बापाचं नाव, आणि मुलीचं नाव नाही. मी विचारलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "कार्ड बाजारातून फिरतं, छापखान्यातली पोरं वाचतात."

ही गोष्ट मुद्दाम सांगतोय. 2017 मध्ये हेरातच्या लाले उस्मानी या मुलीने 'माझं नाव कुठे आहे' ही मोहीम सुरू केली. डॉक्टरच्या चिठ्ठीवर, कबरीवरच्या दगडावर, मुलांच्या ओळखपत्रावर बाईचं नाव का नाही, एवढाच तिचा प्रश्न. शिव्या, धमक्या सगळं झालं. 2020 च्या सप्टेंबरात कायदा बदलून 'तझकिरा'वर, म्हणजे ओळखपत्रावर, आईचं नाव घालायची मुभा मिळाली. बाहेरच्या कुणी हे करून दिलं नव्हतं, आणि ते सुद्धा बॉम्ब फुटत असताना झालं.

याच स्टोअरकीपरची थोरली मुलगी सुईण झाली. घरात रेडिओवर गाणं मोठ्याने लावू न देणारा हा माणूस. 2002 च्या पाहणीत तिथे एक लाख जिवंत जन्मांमागे 1600 आया दगावत होत्या, जगातल्या सर्वांत वाईट आकड्यांपैकी हा एक. पुरुष डॉक्टरकडे बायकोला न्यायचं नाही आणि बाई डॉक्टर नाही. मग सुइणींच्या शाळा निघाल्या. बहुतेक ठिकाणी गावच्या शूराने, म्हणजे पंचायतीने, मुलगी निवडायची, तिने दीड-दोन वर्षं शिकून गावात परत यायचं. कित्येक गावांत मुल्लानेच बापांना समजावलं. आमच्या माणसाची बहीण पहिल्या बाळंतपणात गाढवावरून नेताना वाटेत गेली होती. मुलीला होस्टेलला सोडून आला त्या दिवशी तो मला एवढंच म्हणाला, "साहेब, माझी अब्रू माझ्या बहिणीला वाचवू शकली नाही." स्वातंत्र्य, हक्क हे शब्द त्याच्या तोंडी कधी आले नाहीत. मुलगी मात्र पगार घरी आणायला लागली आणि धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या बोलणीत तिचं मत विचारलं जाऊ लागलं.

मोबाइलचंही तसंच. वर्दक प्रांतात 2009 मध्ये पोलिसांचा पगार मोबाइलवर द्यायला सुरुवात झाली, तर शिपायांना वाटलं पगारवाढ झाली. आधी मधले साहेब किती खात होते ते त्यांना तेव्हा कळलं. काही प्रांतांत तालिबान सांगायचे म्हणून अंधार पडला की कंपन्या टॉवर बंद करायच्या. टीव्हीवर आपल्याकडच्या सासू-सुनांच्या मालिका दरी भाषेत लागत आणि त्या वेळेला रस्ते ओस पडत. मौलवींच्या दबावाने 2008 मध्ये सरकारने त्यांवर बंदीचा हुकूम काढला. मला त्या मालिका कधीच आवडल्या नाहीत, पण तिथे त्या पाहत बसलेल्या बायकांनी पहिल्यांदा पडद्यावर घरातलं भांडण, सुनेचं बोलणं, बाईचा राग असं सगळं मोठ्याने ऐकलं.

शिक्षणाची भूक किती होती ते सांगतो. काबूलच्या पश्चिमेला दश्त-ए-बर्ची नावाची हजारा या अल्पसंख्याक समाजाची वस्ती आहे. 2018 च्या ऑगस्टमध्ये तिथल्या मौऊद नावाच्या क्लासमध्ये आत्मघाती स्फोट झाला, प्रवेश परीक्षेची तयारी करणारी मुलं मेली. त्याच क्लासमध्ये शिकलेली शमसिया अलीजादा, खाणकामगाराची मुलगी, 2020 च्या 'कानकोर' या विद्यापीठ प्रवेश परीक्षेत देशात पहिली आली. 30 सप्टेंबर 2022 ला त्याच वस्तीत काज या क्लासवर हल्ला झाला, पन्नासहून अधिक जीव गेले, बहुतेक मुली. तुझ्या वर्गातली जी तरुण मुलगी पहिल्या बाकावर बसते आणि सारखी वहीत लिहीत असते, ती या मुलींच्या पिढीतली आहे. तिला तुझ्या सोबतीच्या शिक्षिकेने मध्ययुगातली म्हणू नये, एवढं मला मनापासून वाटतं.

ऑगस्ट 2021 मध्ये तालिबान पुन्हा सत्तेवर आले, त्यानंतरचं तुला ठाऊकच आहे. 23 मार्च 2022 ला मोठ्या मुलींच्या शाळा उघडणार होत्या. मुली गणवेश घालून गेल्या आणि काही तासांत त्यांना घरी पाठवलं. त्या डिसेंबरात विद्यापीठं बंद, 2023 च्या जुलैत ब्युटी पार्लर बंद, आणि 2024 च्या डिसेंबरात सुइणी आणि नर्स तयार करणाऱ्या संस्थाही बंद. त्या शेवटच्या बातमीने मी रात्रभर झोपलो नाही. स्टोअरकीपरची थोरली अजून कामावर जाते, कारण बायकांना बाळंतपणाला बाई लागतेच. पण तिच्यानंतर कोण? धाकटी घरात बसून शेजारच्या मुलींना गणित शिकवते, वरकरणी शिवणकामाचा वर्ग म्हणून. बाप दाराशी राखण करतो. पुरुष तेवढे सगळे तालिबानी, असं जे बोलतात, त्यांना हा बाप दाखवावासा वाटतो.

आणि तो इराणातल्या मशहदला वाढलेला मुलगा, ज्याने अफगाणिस्तान पाहिलंच नाही असं तू म्हणालीस, त्याला 'तुमच्या देशात' असं म्हणून काही विचारू नकोस. इराणात कित्येक वर्षं अशा मुलांना कागदपत्रं नसली तर शाळा नव्हती. 2015 मध्ये दारं उघडली तोवर तो कामाला लागला असेल. यंदा इराणने लाखोंना परत धाडलं. त्याचे आईवडील कुठे आहेत, हे तो सांगेल तेव्हाच ऐक.

आता वर्गाचं. त्या साठीच्या बाई अंगठा करतात म्हणालीस. नवरा परमुलखात मजुरीला असताना अशाच बायकांनी घर, शेत, वैरं, सोयरिकी सगळं सांभाळलं, तेव्हा त्यांना लहान मुलीसारखं शिकवू नकोस. पहिल्या दिवशी चारचौघांत नाव विचारू नकोस, 'खाला', म्हणजे मावशी, म्हण, नाव त्या आपणहून सांगतील. आणि सुरुवात अक्षरांपासून नको, आकड्यांपासून कर. मी तिथे कितीतरी निरक्षर बायका पाहिल्या ज्यांना मोबाइलमुळे आकडे पक्के ओळखता येत होते. त्यांचे आकडे वेगळ्या वळणाचे आहेत, ते आधी शेजारी लिहून दाखव. बसचा नंबर, घड्याळ, दुकानातला भाव, मग अक्षरं. जमलं तर सकाळचा एक वर्ग मागून घे. संध्याकाळचा स्वयंपाक टाकून त्यांना येता येत नाही, म्हणून त्या गैरहजर राहतात.

आईने मेतकूट आणि भाजणी पाठवली आहे. डबा पोचला की कळव, आणि आकड्यांचं जमलं का तेही.

तुझा,
बाबा