रॅफल्सवर अन्याय नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीतला ‘सभ्य चोर’ नायकांवरचा लेख वाचला. फ्रान्सच्या आर्सेन ल्युपँविषयी त्यात भरभरून लिहिले आहे, याचा आनंद झाला. पण त्याच्या आधी इंग्रजी कथांत अवतरलेल्या रॅफल्स या सभ्य चोराची ‘चोरीचे उदात्तीकरण’ एवढ्यावर बोळवण झाली, हे अजिबात पटले नाही.

आक्षेप जुनाच आहे. रॅफल्सचे लेखक ई. डब्ल्यू. हॉर्नंग हे शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल यांचे मेहुणे. १८९९चा पहिला कथासंग्रह त्यांनी डॉयलनाच अर्पण केला. तरीही गुन्हेगाराला नायक करू नये, असे डॉयल यांनी आपल्या आत्मचरित्रात बजावले. त्यांचे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही. पण कथा पुढे वाचा ना! पहिल्या संग्रहाच्या अखेरीस रॅफल्स भर समुद्रात उडी घेतो आणि त्याचा जिवलग साथीदार बनी तुरुंगात जातो. रॅफल्स परततो तेव्हा त्याचे केस पांढरे झालेले असतात. क्लब, मैदान, प्रतिष्ठा सगळे गेलेले, तोंड लपवून जगणे नशिबी आलेले. शेवटी तो दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात मरतो. यात उदात्तीकरण कुठे दिसले?

मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते क्रिकेट, आणि लेखात नेमका त्याचाच उल्लेख नाही. रॅफल्स नामांकित फिरकी गोलंदाज आहे. त्या काळी इंग्लंडमध्ये हौशी खेळाडू म्हणजे ‘जंटलमन’ आणि पैसे घेऊन खेळणारे ‘प्लेअर्स’. दोघांच्या संघांत सामने होत, आणि हा भेद थेट १९६२पर्यंत टिकला. ‘जंटलमन अँड प्लेअर्स’ याच नावाच्या कथेत रॅफल्सला एका लॉर्डच्या वाड्यावर खेळायला बोलावणे येते. तो चिडतो, कारण बोलावणे त्याला नसते, त्याच्या गोलंदाजीला असते. भाडोत्री खेळाडूसारखी आपली गणना झाली, हे त्याला लागते. त्याच वाड्यावर एका पाहुण्या बाईंच्या हारावर लंडनच्या सराईत चोरांचाही डोळा असतो. मैदानावर हौशी आणि धंदेवाईक, चोरीतही तेच! शिवाय यजमानाच्या वस्तूला हात लावायचा नाही, पाहुण्यांची चालेल, हा रॅफल्सचा ‘सभ्यपणा’. त्या उच्चभ्रू समाजाची नीती किती पोकळ होती, हे हॉर्नंगने एकही भाषण न देता दाखवले आहे. जॉर्ज ऑर्वेलसारख्या लेखकाला १९४४मध्ये रॅफल्सची दुसऱ्या एका गुन्हेगारी कादंबरीशी तुलना करणारा निबंध लिहावासा वाटला, तो उगाच नव्हे.

ल्युपँ वेषांतराने आणि हजरजबाबीपणाने मन जिंकतो, तोही मला प्रिय आहे. पण रॅफल्स वाचून होणारी अस्वस्थता त्याच्या कथांत मला मिळत नाही.

एक विनंती. हॉर्नंग यांचे निधन १९२१ साली झाले, त्यामुळे स्वामित्वहक्काची अडचण उरलेली नाही. आपण पुरवणीत निदान ‘जंटलमन अँड प्लेअर्स’ ही एक कथा मराठीत छापावी. क्रिकेटवेड्या मराठी वाचकाला ती समजावून सांगावी लागणार नाही.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा