ला मांचाला ये, पण वारा बघून

माद्रिद,
८ फेब्रुवारी

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

एप्रिलमध्ये तुला खरंच रजा मिळतेय हे वाचून फार आनंद झाला. पिरेनीजच्या घाटांची तू काढलेली यादीही वाचली. पण पत्राच्या शेवटी तू लिहिलंस, "सपाट मैदानात सायकल चालवून बघायचं तरी काय?" त्याचं उत्तर दोन ओळींत देता येणार नाही, म्हणून निवांत लिहायला बसलोय. माझं ऐक, या खेपेला डोंगर राहू दे. ला मांचाला चल.

माद्रिदच्या दक्षिणेला तोलेदो, सिउदाद रेआल, क्वेंका आणि अल्बाथेते या चार प्रांतांत हे पठार पसरलंय. समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे-सातशे मीटर उंचीवर. लाल माती, गहू, सातू, ऑलिव्ह आणि नजर पोचेल तिथवर द्राक्षं. ही द्राक्षं आपल्याकडच्यासारखी मांडवावर चढवलेली नसतात. जुन्या बागांत जमिनीलगत, गुडघाभर उंचीची झुडपं करून ठेवलेली असतात, कारण पाणी कमी आणि ऊन फार. झाडाची सावली म्हणशील तर मैलोन् मैल नाही. या सगळ्यात मधेच एखादी बुटकी टेकडी उठते आणि तिच्या माथ्यावर पांढऱ्या पवनचक्क्या ओळीने उभ्या दिसतात. तासभर आधीपासून दिसतात त्या.

लोकांना या चक्क्या सर्व्हांतेस या स्पॅनिश लेखकामुळे ठाऊक असतात. १६०५ साली आलेल्या त्याच्या 'डॉन किहोटे' कादंबरीच्या पहिल्या भागात नायक तीस-चाळीस चक्क्यांना राक्षस समजून भाला घेऊन धावून जातो, ते तू वाचलेलंच आहेस. पण तो आकडा लेखकाने उगाच फुगवलेला नव्हता. काम्पो दे क्रिप्ताना या एकाच गावात १७५२ च्या सरकारी मोजणीत ३४ चक्क्या नोंदल्या गेल्या. आज तिथे दहा उरल्या आहेत. मुळात चक्क्या आल्या त्या पाण्याच्या टंचाईने. इथल्या थिगुएला आणि थांकारासारख्या नद्या उन्हाळ्यात आटतात, मग पाणचक्की फिरणार कशी? वारा मात्र भरपूर. सोळाव्या शतकात लोकांनी दळणासाठी तोच धरला.

क्रिप्तानातल्या तीन चक्क्यांमध्ये, बुर्लेता, इन्फांतो आणि सार्दिनेरो, सोळाव्या शतकातली मूळ यंत्रणा अजून शाबूत आहे. ठरलेल्या शनिवारी तिथे दळून दाखवतात, ते चुकवू नकोस. आतला जिना अरुंद आणि गोल. धान्याची पोती याच जिन्याने पाठीवरून वर न्यायची, कारण जातं सगळ्यात वरच्या मजल्यावर असतं. दळलेलं पीठ पन्हाळीतून मधल्या मजल्यावर उतरतं. वर पोचलास की लाकडी दात्यांचं मोठं चाक समोर येतं. ते बाहेरच्या पात्यांबरोबर फिरतं, त्याचे दाते खालच्या उभ्या पिंजऱ्यात अडकतात आणि त्यातून वरची तळी गरगरते. पाती फिरायला लागली की सबंध इमारत पायाखाली थरथरते. कपड्यांवर पिठाची भुकटी बसते.

पण मला सगळ्यात जास्त आवडतात त्या वरच्या खिडक्या. भिंतीत गोलाकार, हाताच्या उंचीवर, बारा छोट्या खिडक्या. चक्कीवाला त्यांतून तोंडावर वारा घ्यायचा. कुठल्या खिडकीतून झुळूक येते त्यावरून दिशा कळायची. मग खाली उतरायचं, छपरातून मागे जमिनीपर्यंत आलेला भला मोठा दांडा दोरखंडाने ओढायचा आणि चक्कीभोवती रोवलेल्या दगडांपैकी योग्य त्या दगडाला बांधायचा. दांडा फिरला की वरचं लाकडी टोपीवजा छप्पर पात्यांसकट वाऱ्याकडे तोंड करतं. वारा मंद असेल तर पात्यांच्या चौकटींवर पूर्ण कापड ताणायचं, जोरात असेल तर आवरून घ्यायचं. प्रत्येक दिशेच्या वाऱ्याला इथे नाव आहे. पूर्वेचा तो सोलानो, उन्हाळ्यात कोरडा आणि भाजून काढणारा. नैर्ऋत्येचा आब्रेगो, तो आला की पावसाची शक्यता धरायची. उत्तरेकडून येणारा थिएर्थो, आणि एक माताकाब्रास, म्हणजे शेळ्या मारणारा, इतका गार.

तू म्हणशील, सायकलचं काय? अरे, हेच तर सायकलचं आहे. घाटात चढ कुठे संपतो ते नकाशावर दिसतं. इथे चढ नाहीत, पण समोरून वारा आला तर साठ किलोमीटरचा सपाट रस्ता घाटापेक्षा जास्त दमवतो, आणि आडोशाला एक भिंतसुद्धा मिळत नाही. तोच वारा पाठीशी असला तर पायाला कळतही नाही आणि दुपारच्या आत मुक्कामाला पोचतोस. म्हणून इथे मार्ग आदल्या रात्री पक्का करायचाच नाही. सकाळी वारा बघायचा आणि मग ठरवायचं. चक्कीवाले तेच करत होते.

माझा बेत सांगतो. रेल्वेने अल्काथर दे सान हुआनला उतरू. मोठं जंक्शन आहे, माद्रिदहून सरळ गाडी मिळते. सायकल नेता येते, फक्त जागा मोजक्या असतात, म्हणून तिकीट आधी काढू. चक्क्यांची गावं अल्काथरच्या दोन्ही बाजूंना पसरलेली आहेत. पश्चिमेला एरेन्थिया, पुएर्तो लापिथे, मादरिदेखोस आणि कोन्सुएग्रा. पूर्वेला क्रिप्ताना, एल तोबोसो, मोता देल क्वेर्वो आणि बेलमोंते. वारा पश्चिमेचा असेल तर पूर्वेकडे निघायचं, सोलानो असेल तर कोन्सुएग्राकडे. मध्यावर मुक्काम ठेवण्याचा सगळा फायदा हाच.

कोन्सुएग्रात एका लांबट टेकडीवर बारा चक्क्या आणि त्यांच्या मधोमध किल्ला आहे. फोटोत बघितलेलं ला मांचा बहुधा तेच. चक्क्यांना सांचो, रुथिओ, क्लाविलेन्यो अशी कादंबरीतलीच नावं आहेत. जागा सुंदर आहे यात वाद नाही, पण टुरिस्ट बसगाड्या तिथेच येतात. आपण सकाळी लवकर चढून जाऊ. ऑक्टोबरअखेर आला असतास तर खालच्या शेतांत केशराची जांभळी फुलं दिसली असती. पहाटे खुडायची आणि त्याच दिवशी बायकामाणसांनी टेबलाभोवती बसून एकेका फुलातले तीन तंतू वेगळे करायचे, असं ते काम. मोता देल क्वेर्वोला एक डावखुरी चक्की आहे, 'एल थुर्दो', तिची पाती इतरांच्या उलट फिरतात. बेलमोंतेचा पंधराव्या शतकातला किल्लाही बघू, पण तुझा जीव रमेल तो क्रिप्तानात. चक्क्यांच्या पायथ्याशी पांढरी घरं आहेत, भिंतींच्या तळाला निळीचा पट्टा, आणि गल्ल्या इतक्या उभ्या की तिथे सायकल हातात धरूनच चालावं लागतं.

रस्त्याचं एक सांगून ठेवतो. एन-४२० हा महामार्ग नकाशावर यांतली बरीच गावं सरळ जोडतो, म्हणून मोह होतो. त्यावर ट्रक असतात, तो टाळायचा. क्रिप्तानाहून एल तोबोसोमार्गे मोताला जाणारे छोटे रस्ते आणि द्राक्षबागांतल्या मातीच्या वाटा धरायच्या. अर्धा तास चालवलं तरी एखादा ट्रॅक्टर भेटतो, तेवढंच. २००५ मध्ये कादंबरीला चारशे वर्षं झाली तेव्हा 'डॉन किहोटे मार्ग' म्हणून शेकडो किलोमीटरच्या वाटा आखल्या होत्या, त्यांच्या पाट्या अधूनमधून दिसतात. मातीच्या वाटा कोरड्या असल्या तरच घ्यायच्या. पावसानंतर ही लाल चिकणमाती आपल्या काळ्या रानासारखी चाकाला धरते आणि मडगार्डात घट्ट बसते. चाळीस मिलिमीटरचे टायर लावून ये. आणि सराटे! तोच आपला सराटा, तीच वनस्पती इथेही वाटेच्या कडेला उगवते. ट्यूबमध्ये पंक्चर बुजवणारं सीलंट भरून घे.

आता तुला एक गोष्ट सांगतो, ती वाचून तू नक्की येशील. नान्नजच्या माळावर माळढोक दिसेल म्हणून तू किती वर्षं पहाटे जाऊन बसत होतास, आणि आता तिथे तो दिसणंच दुर्मीळ झालंय. त्याचा युरोपातला भाऊबंद इथे आहे. एल तोबोसो आणि तेम्ब्लेकेच्या आसपासची कोरडवाहू शेतं त्याच्यासारख्या माळरानी पक्ष्यांसाठी संरक्षित केली आहेत. जगातले निम्म्याहून अधिक हे पक्षी एकट्या स्पेनमध्ये आहेत. १९८० पासून शिकारीला बंदी आहे, पण विजेच्या तारांना धडकून मरण्याचा धोका इथेही तोच. एप्रिलमध्ये नर हिरव्या गव्हात उभा राहून पंख आणि शेपूट अशी उलटवतो की अख्खा पक्षी पांढरा दिसतो, किलोमीटरभरावरूनसुद्धा. शेतात पाऊल टाकायचं नाही, रस्त्यावरूनच बघायचं. दुर्बीण विसरू नकोस. मी तो पहिल्यांदा बघितला तेव्हा मला तुझीच आठवण झाली होती, हे तुला सांगायचं राहूनच गेलं होतं.

जेवणाची काळजी करू नकोस. तू माळकरी, पण सकाळी टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल लावलेला भाजका पाव सगळीकडे मिळतो. दुपारी पिस्तो, म्हणजे टोमॅटो, ढोबळी मिरची आणि भोपळ्याच्या जातीच्या फळभाजीची मऊ शिजवलेली भाजी, तीवर अंडं नको म्हणून सांगायचं. आणि मेंढीच्या दुधाचं मांचेगो चीज. गाचास नावाचं एक पिठलं असतं, त्यात डुकराचं मांस पडतं, ते तुझ्यासाठी नाही. पण त्याचं पीठ वहिनींना नक्की दाखव. ती लाखोळीची डाळ आहे! त्यांच्या माहेरी भंडाऱ्याकडे पिकते तीच. आपल्याकडे १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. इथे स्पेनच्या यादवी युद्धानंतरच्या उपासमारीत लोक नुसत्या त्याच पिठावर जगले, पुष्कळांचे पाय लुळे पडले आणि १९४४ मध्ये बंदी आली. तरी गावातल्या घरांतून गाचास गेलं नाही. थंडीच्या दिवसांत आजही एकाच कढईभोवती बसून पावाने खातात.

दुपारी दोन ते पाच गावं बंद असतात, दुकानं, कधी कधी बारसुद्धा. म्हणून पाणी आणि खाणं सकाळीच भरून घ्यायचं. एप्रिलमध्ये इथे सूर्य सव्वासात ते आठच्या दरम्यान उगवतो, तेव्हाच निघायचं. गावाबाहेर हेल्मेट सक्तीचं आहे. गाडीवाल्यांनी सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवायचं असा कायदा आहे आणि इथले लोक तो पाळतात. सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर तू जीव मुठीत धरून चालवतोस ना, इथे तुला आरशात बघायची सवयसुद्धा सुटेल.

घाटात तू मला नेहमीच मागे टाकलंस. या मैदानात मात्र आपण शेजारी शेजारी चालवू शकतो, बोलत. कित्येक वर्षांत आपलं तसं बोलणं झालेलं नाही आणि मला ते हवं आहे. काका गेल्यानंतर तू फोनवर फार थोडं बोललास. रस्ता मोकळा असला की बोलशील असं वाटतं.

एप्रिलचा तिसरा आठवडा धरू या का? रजेच्या तारखा नक्की झाल्या की लगेच कळव, म्हणजे अल्काथरला खोली सांगून ठेवतो. सायकल विमानातून आणू नकोस, इथे चांगली भाड्याने मिळते. तुझी पेडल आणि सीट तेवढी आण. काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार आणि ओवीला गोड पापा.

तुझाच,
विनय