नुसती बोटांची कसरत नव्हे

माननीय संपादक,
स. न.

रविवार पुरवणीतला हेवी मेटल गिटारवादकांवरचा लेख वाचला. स्वीडिश गिटारवादक इंगवे माल्मस्टीनचे नाव मराठी वृत्तपत्रात सहसा दिसत नाही, म्हणून हौसेने वाचायला घेतला. पण त्याच्या 'रायझिंग फोर्स' (१९८४) या अल्बमची बोळवण लेखकाने 'बोटांची कसरत, भाव शून्य' अशा एका वाक्यात केली आहे. त्यावर चार शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही.

वेग आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. स्टॉकहोमचा हा पोरगा आपल्या वादनाच्या कॅसेटच्या जोरावर १९८३मध्ये अमेरिकेत पोहोचला, तेव्हा तिथल्या भल्याभल्या गिटारवाल्यांची झोप उडाली ती वेगामुळेच. पण द्रुत लयीत तानांचा पाऊस पाडणाऱ्या गवयावर हा आरोप आपल्याकडेही पिढ्यान्‌पिढ्या होतो आहे, आणि जुने श्रोते त्याला एकच उत्तर देतात: ताना बाजूला ठेवा, तो षड्ज कसा लावतो ते ऐका. हाच निकष इथे लावून पाहावा. पहिलीच रचना 'ब्लॅक स्टार'. सुरुवातीला साध्या गिटारवरचा छोटासा तुकडा, मग इलेक्ट्रिक गिटारवर मुख्य धून. या धुनेत घाई नाही. स्वर लांब धरलेले आहेत आणि शेवटाकडे त्यांना रुंद, संथ आंदोलन दिलेले आहे. ते आंदोलन हीच माल्मस्टीनची सही. त्याच्या वेगाची नक्कल करणारे पुढे शेकड्यांनी झाले, या एका लांब स्वराची नक्कल फार थोड्यांना साधली.

त्यामागची कारागिरीही सांगण्यासारखी आहे. त्याच्या स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारच्या फ्रेटबोर्डवर, म्हणजे बोटे फिरतात त्या पट्टीवर, दोन फ्रेटांमधले (धातूच्या आडव्या पट्ट्यांमधले) लाकूड कोरून खोलगट केलेले असते. विशीच्या आत असताना तो वाद्यदुरुस्तीच्या दुकानात उमेदवारी करत होता, तिथे दुरुस्तीला आलेल्या ल्यूट या जुन्या युरोपीय तंतुवाद्यावरून ही कल्पना सुचली, असे तो सांगतो. अशा फ्रेटबोर्डवर बोट लाकडाला टेकतच नाही, फक्त तारेवर असते. सतार वाजवणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. तार ओढायला मोकळी मिळते, पण बोट किंचित जास्त दाबले की स्वर चढतो आणि बेसूर होतो. म्हणजे या वाद्यावर वेगाने वाजवायचे तर हात पिसासारखा हलका हवा. ज्याला केवळ कसरत करायची आहे, तो स्वतःसाठी वाद्य इतके अवघड करून घेईल का?

आता त्या 'स्वरांच्या भडिमारा'बद्दल. याच अल्बममधली 'फार बियाँड द सन' शांतपणे ऐकली तर भडिमारात रचना सापडते. एक छोटी आकृती घ्यायची, ती एकेक पायरी खाली उतरवत न्यायची आणि तिच्याखालचे कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) बदलत ठेवायचे, ही बाख आणि विवाल्डी या जुन्या युरोपीय संगीतकारांची रीत. वर व्हायोलिनवादक पॅगनिनीची चढाओढीची वृत्ती. व्हायोलिनवर गजाच्या एका फटक्यात चार तारा वाजतात, तसा प्लेक्ट्रम (तार छेडायची चकती) एकाच दिशेने तारांवरून ओढत नेणे आणि मागोमाग डाव्या हाताचे बोट उचलत जाणे, जेणेकरून स्वर एकमेकांत मिसळू नयेत, हे तंत्र त्याने मेटलमध्ये रुजवले. मात्र तो आकाशातून पडलेला नाही. डीप पर्पल या रॉक बँडच्या रिची ब्लॅकमोरने १९७२मध्ये 'हायवे स्टार' या गाण्यातल्या सोलोत (एकट्या गिटारच्या तुकड्यात) बाखच्या वळणाची चाल वाजवली होती, आणि उली जॉन रॉथ व रँडी रोड्स हे गिटारवादकही त्याच वाटेने गेले होते. तुमच्या लेखात ही परंपरा यायला हवी होती.

आपल्या शास्त्रीय संगीताच्या श्रोत्यांना हा अल्बम परका वाटू नये, याला एक साधे कारण आहे. त्याची आवडती स्वरावली आपल्या किरवाणीची आहे: गंधार-धैवत कोमल, निषाद शुद्ध. तिच्या पंचमाला षड्ज मानून तो वाजवू लागतो, तेव्हा बसंत मुखारीचे स्वर कानावर पडतात. अर्थात साम्य स्वरांपुरतेच. रागाची बढत तिथे शोधू नये, कारण ते संगीत कॉर्डच्या चालीवर उभे आहे.

एक दुरुस्ती. याच अल्बममधल्या 'इकारस ड्रीम स्वीट'मध्ये 'अठराव्या शतकातल्या आल्बिनोनीचे अदाजियो' (संथ लयीची रचना) वापरले आहे, असे लेखात म्हटले आहे. आल्बिनोनीच्या नावावर खपणारे ते अदाजियो प्रत्यक्षात रेमो जाझोत्तो या इटालियन अभ्यासकाने १९५८मध्ये प्रकाशित केले. आल्बिनोनीच्या हस्तलिखिताच्या तुकड्यावरून ते सिद्ध केले, असा त्याचा सुरुवातीचा दावा होता. पुढे त्याने ते आपलेच असल्याचे सांगितले. म्हणजे माल्मस्टीनने उचललेला 'बरोक' (बाख-विवाल्डींच्या काळातला) ठेवा त्याच्या जन्माच्या जेमतेम पाच वर्षे आधीचा! 'ही जुन्या संगीताची नक्कल आहे' असे म्हणणाऱ्यांनी याचाही विचार करावा.

अल्बम निर्दोष आहे, असे माझे म्हणणे नाही. आठपैकी दोनच गाणी गायलेली आहेत. जेफ स्कॉट सोटोचा आवाज चांगला असूनही त्या गाण्यांचे शब्द आणि चाल बेतासबात आहेत. गायक नुसता गिटारची पाळी यायची वाट पाहत उभा आहे असे वाटत राहते. पुढच्या तीसेक वर्षांत माल्मस्टीनने हेच सूत्र इतक्या वेळा वाजवले, की नंतरचे काही अल्बम एकमेकांपासून ओळखू येत नाहीत. पण त्याचा दोष १९८४च्या तबकडीच्या माथी मारता येणार नाही. बहुतांशी शब्दाविना असलेली ही तबकडी अमेरिकेतल्या बिलबोर्ड नियतकालिकाच्या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत साठाव्या क्रमांकापर्यंत गेली आणि तिला ग्रॅमीचे नामांकनही मिळाले, तेव्हा ऐकणाऱ्यांना त्यात काहीतरी सापडले असणारच.

शेवटी एक विनंती. पूर्ण लेखात साथीदारांपैकी एकाचेही नाव नाही. बास गिटार माल्मस्टीनने स्वतःच वाजवली हे खरे, पण ड्रमवर जेथ्रो टल या रॉक बँडमध्ये पूर्वी वाजवणारा बॅरीमोर बार्लो होता. कीबोर्डवर येन्स योहान्सन होता, स्वीडनचे ख्यातनाम जॅझ पियानोवादक यान योहान्सन यांचा मुलगा. 'फार बियाँड द सन'मधला त्याचा सोलो गिटारच्या तोडीस तोड आहे. गावातल्या मैफलीचा वृत्तान्त छापताना तबल्यावर आणि संवादिनीवर साथ कोणी केली, हे आपण शेवटच्या ओळीत का होईना, न चुकता छापता. रॉक आणि मेटलवरच्या लेखांनाही हाच नियम लावावा.

कळावे,
आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली