खांद्यावरचे वळ

पुणे, रविवार रात्र

ती. आई-बाबा,
सा. न.

मागच्या खेपेला डोक्याला तेल लावताना आई, तू माझ्या खांद्यावरचे लाल वळ पाहिलेस. पर्सच्या पट्ट्याचे आहेत असं मी सांगितलं. ते खोटं होतं. त्या सकाळी मी ११ किलोची सॅक पाठीवर घेऊन अजिंक्यतारा चढले होते. आत पाण्याच्या बाटल्या आणि तुझ्याच डब्यातले तांदूळ. तेव्हापासून मनाला टोचतंय, म्हणून सगळं लिहून कळवतेय.

ऑक्टोबरात आम्ही चौघी मैत्रिणी हिमाचलातल्या ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानात जातोय. चार दिवस, बिऱ्हाड पाठीवर. बाबा, तुम्ही विचाराल, आपलं कोयना-चांदोलीचं रान काय वाईट? लहानपणी बामणोलीहून बोटीने तुम्ही वासोट्याला नेलंत, हे वेड तिथलंच. पण तिथे मुक्काम करू देत नाहीत. वाघांसाठी राखलेलं रान आहे, ते योग्यच. त्या दिवशी परतीच्या बोटीत बसताना मी रडले होते, आठवतंय? मला रानात रात्र काढायची होती. ती अजून राहिलीय.

पहिल्या दिवशी गुशैणीहून तीर्थन नदीच्या काठाने रोल्याला मुक्काम. दुसऱ्या दिवशी शिल्टचा खडा चढ. शिल्ट ३,००० मीटरच्या आसपास आहे, आपल्या अजिंक्यताऱ्याच्या जवळजवळ तिप्पट उंच. म्हणून तिसरा दिवस तिथेच थांबायचं, अंगाला हवा मानवू द्यायची, आणि चौथ्या दिवशी उतरायचं. परवाना काढतोय, गावातला वाटाड्या सोबत असेल. कुणाचं डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर सगळ्यांनी खाली यायचं, हे आधीच ठरलंय.

ते वळ माझ्या अडाणीपणाचे होते. कमरेचा पट्टा सैल ठेवला आणि सगळा भार खांद्यांवर घेतला. आता तो कमरेच्या हाडांवर घट्ट आवळते, जड सामान पाठीला चिकटून मधोमध लावते. आजी भरलेली घागर कमरेवर ठेवून विहिरीवरून यायची ना, अगदी तसं. आता वळ उठत नाहीत. बूटही महिनाभर घालून रुळवलेत. सुती कपडे मात्र नेत नाही. भिजले की लवकर वाळत नाहीत आणि थंडीत अंगातली ऊब ओढून घेतात.

आई, दशम्या कर, लसणाची चटणी आणि मेतकूट दे. कंदी पेढे पाव किलोच. तू एक किलो भरशील हे माहीत आहे, पण तिथे प्रत्येक गोष्ट माझ्याच पाठीवर चढणार आहे. कागद-पिशव्यासुद्धा परत आणायच्या आहेत.

वर फोन लागणार नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी गुशैणीला पोचले की फोन करीन. चढउतारात उशीर होतो, म्हणून पाचव्या दिवशी दुपारपर्यंत वाट बघा. त्यानंतर वाटाड्याच्या घरी फोन लावायचा. नंबर वेगळ्या कागदावर लिहिलाय, बाबा, तो देवघराशेजारच्या कॅलेंडरला टाचून ठेवा.

शनिवारी संध्याकाळच्या एसटीने येतेय. बाबा, तुमची ती तपकिरी लोकरीची कानटोपी ट्रंकेतून काढून उन्हात टाकाल का? मला तीच न्यायची आहे.

तुमची लेक