विषय: विंचचा ब्रेक लोडवर धरत नाही आणि तुमची माणसं लोड काढा म्हणतात

प्रति,
व्यवस्थापक, विक्रीपश्चात सेवा विभाग

तुमच्या कस्टमर केअरशी बोलणं आज दुपारी संपवलं. यापुढे लेखीच.

ट्रॅक्टरमागे जोडून वायररोपने ओंडके ओढायचा विंच तुमचाच आहे, तेव्हा तो काय करतो ते जास्त सांगत बसत नाही. काय करत नाही तेवढं सांगतो. क्लच सोडला की वायररोप गुंडाळायच्या ड्रमचा ब्रेक धरत नाही. ओंडका चढावर अर्ध्यात असताना वायररोप उलटा सुटतो आणि ओंडका परत नाल्याकडे निघतो. पहिल्यांदा असं झालं तेव्हा पुतण्या मागून चालत होता. बाजूला उडी मारली म्हणून पाय शाबूत आहे.

ओंडका केवढा? घेर ४ फूट, लांबी १२ फूट. ओला धरला तरी अर्धा टन भरत नाही. विंचवरच्या तुमच्या प्लेटवर ओढ ३ टन लिहिली आहे. ड्रमवर वायररोपचे थर चढले की ओढ कमी होते, हे मला कळतं. पण इथे ड्रम जवळजवळ रिकामा होता. शिवाय ओंडक्याला कप्पी लावून वायररोप दुहेरी घेतला होता, म्हणजे वायररोपवर निम्माच भार. एवढे लाड मी घरच्या पोरांचेही केले नाहीत.

आता आजचा फोन. मालकांनी हा नीट वाचावा.

"काका, विंचने काय ओढता?"
"सागाचं लाकूड."
"म्हणजे लोड लावल्यावरच ब्रेक घसरतो?"
"हो."
"मग एकदा लोड न लावता चालवून बघा. तेव्हाही घसरला तर कंप्लेंट घेतो."

मी गप्प बसलो. त्याला वाटलं लाईन तुटली, म्हणून त्याने दोनदा हॅलो केलं. मग मी विचारलं, की बाबा, तुमच्या माहितीपत्रकावर ट्रॅक्टरमागे ओंडका बांधलेला फोटो आहे तो कशाचा? तर म्हणे, "ते प्रातिनिधिक चित्र आहे. ब्रेक लायनर वॉरंटीत येत नाही." आणि फोन ठेवता ठेवता, "तुमच्याकडे बैल नाहीत का काका?"

बैल असते तर कर्ज काढून तुमचं लोखंड कशाला आणलं असतं? पुढच्या माहितीपत्रकावर बैलच छापा. तेही प्रातिनिधिक.

जेसीबी लावला तर तासाच्या भाड्यातच लाकडाचा पैसा जातो आणि मधली कोवळी झाडं मोडतात. म्हणून घरच्या २० एचपीच्या ट्रॅक्टरला विंच जोडला. तुमच्याच तक्त्यात १८ एचपीपासून पुढे चालतो असं लिहिलंय, त्यामुळे ट्रॅक्टर लहान पडतो हे कारण सांगू नका.

साग मालकीचा आहे, तोडीची परवानगी रीतसर घेतली आहे. माल वर येऊन रचला की वनखातं मोजणार, हातोड्याने शिक्का मारणार, मग वाहतूक परवाना. म्हणजे सगळं तुमच्या ब्रेकवर अडलंय. आमच्या किनवटकडे उतारावर मुरूम आणि खाली काळी माती. मृगाचा एक पाऊस झाला की ट्रॅक्टर थेट दिवाळीनंतरच आत जातो. तोवर नाल्यात पडलेल्या ओंडक्यांच्या बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला कीड लागणार. ते नुकसान कोणत्या वॉरंटीत बसतं?

पुन्हा लिहितो, ब्रेक धरत नाही. उतारावर माणूस मरेल. हा नुसत्या झिजणाऱ्या लायनरचा प्रश्न नाही.

तुमची जुनी पाणबुडी मोटार आमच्या विहिरीत अजून चालते. तिच्यावर विश्वास ठेवून हा विंच घेतला होता. ती बनवणारे लोक तुम्ही कामावरून काढले का?

आठ दिवसांत मेकॅनिक शेतावर पाठवा, पूर्ण ब्रेक असेंब्ली बदला आणि माझ्यासमोर ओंडका बांधून चढावर थांबवून दाखवा. नाहीतर विंच उचलून न्या आणि पैसे परत करा. यातलं काहीच झालं नाही तर नांदेडला जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्याने मी राहतो त्याच जिल्ह्यात दावा लावता येतो आणि ५ लाखांपर्यंत फी नाही. तारखेला मग तुमच्या माणसाने इथवर यावं.

बिलाची प्रत, प्लेटचा फोटो आणि ब्रेक सुटतानाचा व्हिडिओ सोबत जोडला आहे. व्हिडिओत ओंडका आहे. प्रातिनिधिक नाही.

एक शेतकरी ग्राहक
ता. किनवट, जि. नांदेड