बाबा, ती खिडकी बघून आले!

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर चिमी मधेमधे लुडबुडते, नीट बोलणंच होत नाही, म्हणून हे टाइप करून पाठवतेय. दादाला सांगा मोठ्या अक्षरात प्रिंट काढून द्यायला.

शनिवारी लेकॉकला जाऊन आलो. विल्टशायरमधलं छोटंसं गाव, रीडिंगहून चिपनहॅमपर्यंत ट्रेन आणि पुढे बस. तुम्ही आलात की न्यायचं म्हणून आधी बघून ठेवावं, आईच्या गुडघ्यांना झेपेल का वगैरे, असं डोक्यात होतं.

मूळ गाव म्हणजे चारच रस्ते. दगडी घरं, मधेच जुन्या लाकडी सांगाड्याची वाकडीतिकडी झालेली, आणि मान वर केली तर ना वायरी ना अँटेना. का, तर अख्खं गाव पिढ्यानपिढ्या टॉलबट घराण्याच्या मालकीचं होतं आणि १९४४ साली माटिल्डा टॉलबट बाईंनी गाव आणि स्वतःचा वाडा सगळंच नॅशनल ट्रस्टला, म्हणजे इथल्या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला, देऊन टाकलं! बहुतेक घरांत आता ट्रस्टचे भाडेकरू राहतात. सिनेमांचं शूटिंग होतं त्यामुळे गर्दी तुफान, आणि लोक बिनदिक्कत त्यांच्या खिडक्यांना नाक लावून आत बघतात, एका आजींनी तर आमच्यासमोर फटकन पडदा ओढला. बरं केलं. काही घरांबाहेर जॅमच्या बरण्या मांडलेल्या, शेजारी डबा, बरणी उचला आणि पैसे टाका, बघायला कोणी नाही. आई, एक घेतलीय पण तुझ्या मोरंब्यापुढे काही नाही हं.

वाडा मूळचा जोगिणींचा मठ, १२३२ सालचा. एला नावाच्या सॅलिस्बरीच्या काउंटेसने बांधवला, आठव्या हेन्रीने १५३९ मधे बंद केला आणि मग विकला. खाली एका खोलीत १५०० साली ओतलेलं काशाचं पातेलं आहे, आपल्या लग्नातल्या भाताच्या हंड्यासारखं अवाढव्य. हा म्हणाला घासायचं कोणी.

पण बाबा, मला सांगायचंय ते खिडकीचं. तुमच्या ॲग्फा क्लिक कॅमेऱ्याचा आद्य आजोबा इथला! हेन्री फॉक्स टॉलबट, याच वाड्याचा मालक. इटलीत लेक कोमोला फिरायला गेला होता १८३३ मधे, तिथे चित्र काढायला बसला आणि हात काही चालेना, तेव्हा मनात आलं की निसर्गाने स्वतःच कागदावर उमटावं. मग छोटी छोटी लाकडी खोकी करून वाड्यात जिथेतिथे ठेवायला लागला, बायको त्यांना उंदराचे सापळे म्हणायची (आई, तू डार्करूमला काय म्हणायचीस ते आठवतंय ना?). कागद आधी मिठाच्या पाण्यातून काढायचा, मग सिल्व्हर नायट्रेट. तुमच्यासारखा हायपो (चित्र पक्कं करायचं रसायन) तेव्हा त्याच्याकडे नव्हता, चित्र टिकवायलाही मीठच. आज शिल्लक असलेली सगळ्यात जुनी कॅमेऱ्यातली निगेटिव्ह त्याचीच, ऑगस्ट १८३५ ची, जेमतेम तिकिटाएवढी, आणि ती या खिडकीची. त्याने लिहून ठेवलंय की नवी असताना भिंगातून बघितलं तर खिडकीच्या दोनशेच्या आसपास काचा मोजता यायच्या.

ती खिडकी अजून तिथेच आहे. लोक दोन सेकंदात मोबाईलवर फोटो काढून पुढे जातात. मी काचा मोजायला घेतल्या पण चिमीने बाथरूमचा धोशा लावला, त्यामुळे ते काम तुमच्यावर.

आता मुद्द्याचं. गावातले रस्ते सपाट आहेत, आईला चालेल, मठाचा खालचा भागही. वर जायला मात्र जिने आहेत, तेव्हा ती खाली बसेल आणि आपण दोघं खिडकीपाशी जाऊ. व्हिसाचे कागद दादाने या महिन्यात भरायलाच हवेत, पुढे तारखा मिळत नाहीत. आणि माळ्यावरची निगेटिव्हची पत्र्याची पेटी रद्दीवाल्याला द्यायची नाही, आई, तुलाच सांगतेय. येताना हँडबॅगेतून आणा, इथे स्कॅन करून घेऊ.

गुडघ्याचे व्यायाम चालू आहेत ना? खरं सांग.

तुमची,
ताई